उजेडाची बांगडी

"मोठा घेऊ की लहान, एवढंच सांगा बाई."

निहारा पेडणेकरनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

रत्नप्रभाबाई मेस्त्री ओटीवरच्या बाकावर बसल्या होत्या. पाय घमेल्यात, घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर खडेमीठ. छत्तीस वर्षं त्यांनी या गावात फोटो स्टुडिओ चालवला, तोही उभ्यानं. गुडघे आता रोज सकाळी त्याची आठवण करून देत. स्टुडिओला कुलूप लागून सात वर्षं झाली होती. तरी फोटोतलं काही अडलं की लोक अजून बाईंकडेच येत. आणि बाई उत्तर द्यायला इतका वेळ लावत, की निम्मे लोक मधेच उठून जात.

निहारा त्या उठून जाणाऱ्यांतलीच. पण आज तिला जाता येत नव्हतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिनं दोन रिंग फ्लॅश मांडून ठेवले होते. भिंगाभोवती बसणारे गोल दिवे, मधे भोक. भोकातून भिंग बघतं आणि चारी बाजूंनी उजेड पडतो, त्यामुळे चेहऱ्यावर सावली म्हणून राहत नाही. कोल्हापूरच्या दुकानदारानं दोन्ही वापरून बघायला दिले होते. त्यातला एक उद्याच्या एसटीनं परत जायचा होता.

तिनं पुन्हा एकदा सगळं सांगितलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. मोठ्याची बॅटरी वेगळी, ती खांद्याला अडकवायची. वजन भरपूर, पण भर दुपारच्या उन्हालाही पुरून उरतो आणि सात-आठ फुटांवरून मारता येतो. लहान म्हणजे नेहमीच्या फ्लॅशवर चढवायचं नुसतं पोकळ कडं. पिशवीत मावतं, पण उन्हात जोर इतका कमी की माणसाच्या हातभर जवळ जावं लागतं.

"बरं," बाई म्हणाल्या.

"...मग?"

"किटलीत चहा आहे. गाळून घे."

निहारानं चहा गाळला नाही. तिला वाटलं, म्हातारी माणसं वेळ अशी वापरतात जणू ती दुसऱ्याचीच असते. शाळेत असताना याच बाईंनी तिच्या हातात पहिला कॅमेरा दिला होता, हे खरं. पण त्यानंतर ती पुण्याला गेली, तीन वर्षं रीतसर शिकली, आणि आता मिठागरातल्या बायकांचे वीस फोटो काढण्याची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती. गावात परत आल्यापासून महिनाभर ती बाईंकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

"आलीस कशाला, ते सांग," बाई म्हणाल्या. "दिव्याचं कळलं मला."

मग तिला भागीआजीचं सांगावं लागलं.

भागीरथी केळुसकर मिठागरात चाळीसेक वर्षं मीठ वाहत होती. डोक्यावर लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि वीतभर रुंदीच्या बांधावरून चालणं. निहारानं तिचा फोटो लहान कड्यानं काढला, अगदी जवळून. सुंदर आला. इतका की तिनं तो मोठा करून, चौकटीत घालून आजीला भेट दिला. आजीनं तो कौतुकानं मिठागरात नेला. बायकांनी बघितला, शेवटी मुकादमानं बघितला.

रिंग फ्लॅश डोळ्यात उमटतो. बुबुळावर पांढरं, गोल, लखलखीत कडं. निहाराच्या क्षेत्रात लोक मुद्दाम तसं करतात.

मुकादम रेडकरनं फोटो उन्हात धरला आणि म्हणाला, "आजये, तुझ्या दोनय डोळ्यांत फूल पडलाहा."

मिठागरात डोळ्यात फूल पडणं, बुबुळावर पांढरा डाग धरणं, ही थट्टेची गोष्ट नव्हती. वर्षानुवर्षं पांढऱ्या मिठावरून येणारी तिरीप डोळ्यात घेऊन बायकांची नजर जाते. मागच्या मोसमात अशीच एक बाई बांधावरून टोपलीसकट खाली गेली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि मालकानं दोष मुकादमाला दिला. तेव्हापासून रेडकर कुणाच्याही डोळ्यांकडे संशयानंच बघे. त्यानं भागीआजीला दुसऱ्या दिवसापासून यायला मनाई केली. पाऊस लागेपर्यंत महिनाभरच काम उरलेलं, आणि ते गेलं की आजीला चार महिने सुनेच्या तोंडाकडे बघत बसणं.

"तू समजावलंस त्याला?"

"दोन दिवस."

दोन दिवस तिनं रेडकरला प्रकाशाचं परावर्तन समजावलं होतं. वहीत आकृती काढून दाखवली होती. त्यानं आकृती नीट बघितली, मान डोलावली आणि विचारलं की फूल किती जुनं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते म्हटलं तर आजीच तयार होईना. डॉक्टरकडे गेले की डोळे गेलेच असं सगळा गाव धरून चालेल, हे तिचं म्हणणं. आणि ते काही खोटं नव्हतं.

सगळ्यांनाच निहारानं मनातल्या मनात अडाणी ठरवलं होतं. पण रात्री डोळा लागेना, तो अडाणी लोकांमुळे नव्हे.

"म्हणून मोठा घ्यावा म्हणते," ती म्हणाली. "लांबून मारला की वर्तुळ टिकलीएवढं दिसतं. कुणाच्या लक्षात येणार नाही. आजीचा नवा फोटो काढते, तो रेडकरला दाखवते."

बाईंनी हात पुढे केला. निहारानं आजीचा फोटो त्यांच्या हातात दिला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकापाशी नेला.

"डोळ्यात काय आहे?"

"रिंग."

"रिंगच्या मधे?"

"मधे काही नाही. भोक असतं तिथे."

"...काही नाही?"

"काळं. नुसतं काळं."

बाईंनी फोटो तिला परत दिला. मग त्यांनी पाय घमेल्यातून काढले, एक एक करून पुसले. एवढ्या कामालासुद्धा त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि जाताना भागीला घेऊ."

*

बारा वाजायला आले होते. मिठागर डोळ्यांत खुपत होतं. एकामागे एक चौकोनी वाफे, काहींत अजून पाणी, काहींत मीठ धरलेलं, कडेला पांढरे ढीग. ऊन वरून येत होतं तसंच खालूनही.

बाई बांधावरून निहाराचा खांदा धरून चालल्या. निहाराच्या दुसऱ्या खांद्याला मोठ्या फ्लॅशची बॅटरी, पाठीवर बॅग, हातात लहान कडं. महिनाभर रोज हेच ओझं. तिला वाटलं, आपण तेवीस वर्षांच्या आहोत आणि आपल्याला बसावंसं वाटतंय. मागून भागीआजी अनवाणी, हात हलवत येत होती. कामावर नसतानाही तिनं डोक्यावर चुंबळ ठेवलेलीच होती, सवयीनं.

रेडकर पत्र्याच्या शेडखाली होता. बाईंना बघून उठला. त्याच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. त्यानं आपली खुर्ची त्यांना दिली आणि त्या बसायच्या आधीच सांगून टाकलं की भागीआजीबद्दल बोलायचं असेल तर उपयोग नाही, उद्या ती पडली तर माझ्या गळ्याशी येईल.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

निहारानं चमकून बघितलं. याचसाठी आणलं का हिनं इथवर?

"डोळे गेले असतील तर कामावर घेऊच नकोस," बाई पुढे म्हणाल्या. "एक फोटो काढून जाऊ म्हटलं. तुझा. लग्नानंतर काढलाच नसशील."

रेडकर ओशाळला. पण हात मिशांकडे गेला. मिशा काळ्याभोर होत्या, कलप लावून चार दिवसही झाले नसतील. वाफ्यातल्या बायका हातातल्या मीठ ओढायच्या फळ्या टेकवून बघायला लागल्या.

निहारानं कॅमेरा काढला, लहान कडं चढवलं. ती डोळ्याला लावणार तोच बाई म्हणाल्या, "तू नाही."

"मग कोण?"

"भागीला दे."

निहारानं पट्टा मुठीत घट्ट धरला.

तो कॅमेरा तिनं आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. वर्गातल्या मैत्रिणींच्या नाही, भावाच्या तर नाहीच. आणि आजीचे हात मिठानं फाटलेले, त्यांत कायमचे पांढरे कण. भिंगात एक कण गेला तर...

"बाई, तिला येणार नाही."

"दे."

"...निदान ऑटोफोकसवर ठेवते. नुसतं बटण दाबू दे."

"ते बंद कर. आणि भिंग सताड उघड."

"मग केसभर जरी चुकलं तरी सगळं धूसर येईल."

"म्हणून तर."

निहारानं पट्टा आजीच्या गळ्यात घातला, त्याला दोन वेढे दिले, आणि तरीही एक हात खालून धरूनच ठेवला. बाईंनी तो हात बाजूला केला. आजीनं कॅमेरा हातात घेऊन वजन जोखलं, टोपली उचलण्याआधी जोखतात तसं.

"ह्या काय गो, बांगडी?"

"उजेडाची," बाई म्हणाल्या. त्यांनी आजीची बोटं भिंगावरच्या कड्यावर नेऊन ठेवली. "यातून बघ. हे फिरवत राहा. मुकादमाच्या मिशीतले केस मोजता येतील तिथे थांब."

आजी रेडकरपासून हातभर अंतरावर उभी राहिली. तिला ठाऊक होतं की काय पणाला लागलंय. श्वास थांबवून ती भिंग फिरवू लागली, इकडे थोडं, तिकडे थोडं, परत इकडे. रेडकर खांब होऊन उभा. एका बाईला खोकला आला, तिनं तोंडावर पदर धरला.

निहाराला वाटलं, आत्ता धूसर आला तर आजीचं काम कायमचं गेलं, आणि मुकादमाच्या हातात पुरावाच आला. बाईंनी हे काय मांडलंय. आकृती तरी बरी होती.

"मिळालं?" बाईंनी विचारलं.

भिंग आणखी एक केसभर फिरलं.

"मुकादमानू," आजी म्हणाली, "डाव्या मिशेत एक पांढरो ऱ्हवलो हां तुमचो."

वाफ्यातून हसण्याची लाट आली. रेडकरचा हात वर जातो न जातो तोच प्रकाश चमकला.

निहारानं धावत जाऊन आधी कॅमेरा सोडवून घेतला. मग पडद्यावर फोटो मोठा केला. मिशा. डावीकडे, कलपातून सुटलेला एकच पांढरा केस, मुळापासून टोकापर्यंत. पापण्या वेगळ्या वेगळ्या. तिच्या वीस फोटोंतले किती इतके नेमके होते, हे तिनं त्या क्षणी आठवायचं टाळलं.

ती काही बोलणार होती. परावर्तन हा शब्द ओठांवर आला होता. बाईंनी कॅमेरा घेऊन तसाच रेडकरपुढे धरला.

रेडकरनं मिशी बघितली. मग डोळे बघितले. दोन्ही बुबुळांवर पांढरी, गोल, लखलखीत कडी.

त्यानं नकळत आपल्या एका डोळ्यावर हात ठेवला. मग दुसऱ्यावर.

"ह्या काय?"

"फूल," बाई म्हणाल्या.

"...माझ्या डोळ्यांत?"

"फोटोत तरी आहे."

शेडवरचा पत्रा उन्हानं कडकड वाजला. रेडकरनं समोर बघितलं, लांबच्या ढिगाकडे, त्याच्याही पलीकडच्या माडांकडे. दिसत असावेत. त्यानं पुन्हा फोटो बघितला. मग आजीकडे, तिच्या डोळ्यांकडे, बराच वेळ. त्या डोळ्यांत आता उन्हाशिवाय काही नव्हतं.

बायका आता हसत नव्हत्या.

"टोपली घे गे आजये," तो शेवटी म्हणाला. "कडेच्या रुंद बांधावरसून चल. मधल्या नको." आणि मिशी झाकत शेडच्या मागे गेला, तिथे खिळ्याला छोटा आरसा होता.

आजीनं पदर कमरेला खोचला. तिनं बाईंना नमस्कार केला नाही की आभार मानले नाहीत. फक्त चुंबळ नीट केली.

निहाराच्या हातात कॅमेरा परत आला होता. तिनं फोटो आणखी मोठा केला, डोळा सगळा पडदा व्यापेपर्यंत. पांढरं कडं. कड्याच्या मधे काळं. काळ्यात बारीकसं कुणीतरी उभं होतं, दोन्ही कोपरं बाहेर काढून, डोक्यावर चुंबळ.

मग तिनं पडदा बंद केला.

बाई खुर्चीवरून उठून रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन टेकल्या होत्या. गुडघ्यांवर दोन्ही हात, डोळे मिटलेले. त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या की निहाराला विचारायची लाज वाटली. पण एसटी उद्याची होती, आणि स्वभाव तिचा होता.

"बाई. राहिलंच ते."

"काय?"

"मोठा की लहान?"

बाईंनी डोळे उघडले.

"भागी, अजून जरा थांब," त्या म्हणाल्या. मग निहाराला, "त्या बायकांना कुठे उभं करत होतीस?"

निहारानं दाखवलं. शेडच्या बाहेर, मोकळ्या वाफ्यात, ताज्या मिठावर. तिथे मागे काहीच येत नाही, नुसतं पांढरं.

"उभी राहा."

"मी? कशाला?"

"चप्पल घालून उभ्या राहायच्या का त्या?"

बायका रबरी बूट घालून काम करत. ते फोटोत वाईट दिसतात म्हणून तिनं प्रत्येकीला काढायला लावले होते. वीस जणींना. आज्जी, दोनच मिनिटं, हलू नका. आज्जी, डोळे उघडे ठेवा, हलू नका. दिवसाला शंभरदा तरी तिनं हे म्हटलं असेल.

तिनं चपला काढल्या. महिनाभर बांधांवर हिंडून तिच्याही टाचांना भेगा पडल्या होत्या, हे तिला मीठ आत शिरल्यावर कळलं. ती दचकून एका पायावर आली, मग दुसऱ्यावर. वरून ऊन, खालून ऊन. डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं.

बाईंनी तिच्याकडून कॅमेरा घेऊन त्यावर मोठा फ्लॅश चढवला होता आणि बॅटरी भागीआजीच्या खांद्याला अडकवून दिली होती. आजी वाफ्यात उतरून सात-आठ फुटांवर थांबली. कॅमेरा तिनं या वेळी कुणाच्या मदतीशिवाय डोळ्याला लावला. त्या गोल दिव्याच्या मधल्या भोकातून निहाराला तिचा चेहरा दिसेना. नुसतं काळं दिसलं.

"बाई, किती वेळ?" तिनं विचारलं. केस सारखे करायला तिचा हात वर गेला होता, टाच उचललेली होती.

"आधी मोठा," बाई आजीला म्हणाल्या, "मग लहान."

आणि मग निहाराला, डोळे पुन्हा मिटत,

"तू हलू नकोस."